आधी कारण, मग पिस्टन : मातीवरच्या गाडीचं इंजिनकाम घरच्या घरी



आजचा विषय जरा तेलकट आहे. मातीत पळवायच्या मोटरसायकलचं इंजिन घरच्या घरी उघडून पुन्हा कसं बांधायचं, आपल्या गॅरेजच्या भाषेत 'इंजिनकाम' कसं करायचं, याबद्दल मला बोलायचं आहे. समोर दोन प्रकारचे श्रोते दिसताहेत. एक, ज्यांच्या नखांत आत्ताही ग्रीस आहे. आणि दुसरे, ज्यांच्या मुलांच्या नखांत ग्रीस आहे. (हशा) दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

डर्ट बाइक म्हटलं की परदेशी मोटोक्रॉसच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याबद्दल शेवटी कुणी विचारलं तर सांगेन. पण आपल्याकडे घरच्या अंगणात जे इंजिन सगळ्यात जास्त उघडलं जातं ते यामाहा आरएक्स १०० चं. एस्कॉर्ट्सने ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनवली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. मिनिटाला ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. गाडी हलकी, इंजिन साधं, सुटे भाग अजून मिळतात. त्यामुळे मागची साखळीची चक्री बदलून, मडगार्ड वर उचलून, खाचांचे टायर घालून ही गाडी कित्येकांनी मातीवर उतरवली. हे सगळं मैदानावर, बंद ट्रॅकवर. असली बदललेली गाडी रस्त्यावर काढायची नसते, तिथे कायदा आड येतो आणि तो बरोबरच आहे.

आता मूळ मुद्दा. मागे एक तरुण माझ्याकडे ब्लॉक घेऊन आला. ब्लॉक म्हणजे सिलिंडर, आपण गॅरेजात त्याला ब्लॉकच म्हणतो. एका हंगामात त्याचं इंजिन तीन वेळा पकडलं होतं. 'पकडलं' म्हणजे पिस्टन गरम होऊन, फुगून सिलिंडरच्या भिंतीला चिकटला. प्रत्येक वेळी त्याने तेच केलं जे सगळे करतात. नवा पिस्टन आणला, लेथवाल्याकडून बोअर करून घेतला, नव्या रिंगा घातल्या, इंजिन बांधलं. मी मापं घेतली. काम तिन्ही वेळा चोख झालं असणार, कारण तिसऱ्या बोअरचं मापसुद्धा जिथे हवं तिथे होतं. तरी इंजिन पकडलं. का?

या 'का'चं उत्तर हाच इंजिनकामाचा गाभा आहे असं माझं मत आहे. पार्ट बदलणं हे त्यातलं सोपं काम. मेलेलं इंजिन कशाने मेलं हे समजल्याशिवाय नवे पार्ट घालणं म्हणजे गळक्या हौदात पुन्हा पुन्हा पाणी भरणं.

आणि इथे फक्त पैशांचा प्रश्न नाही. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह असते. पिस्टनची जादा मापं पाव पाव मिलिमीटरने वाढतात. ५०.२५, ५०.५०, ५०.७५ आणि ५१. म्हणजे मूळ मापानंतर फक्त चार संधी. त्या तरुणाने एका हंगामात तीन वापरल्या होत्या. चौथ्यानंतर स्लीव्ह बदला नाहीतर दुसरा ब्लॉक शोधा. मूळ ब्लॉक आता कुणी बनवत नाही, जे आहेत ते आहेत. शिवाय इंजिन पकडतं ते भरधाव असताना. उडीवरून खाली येताना मागचं चाक अचानक अडकलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून टू-स्ट्रोक पळवणारी जुनी मंडळी डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात.

कारण शोधायचं तर टू-स्ट्रोक श्वास कसा घेतो ते एकदा समजून घेऊ. फोर-स्ट्रोकमध्ये खालच्या भागात नुसतं तेल असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक जिथे फिरतो ती पेटी, क्रँककेस, हीच मुळी पंप असते. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या पेटीत पोकळी तयार होते, कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या खिडक्यांमधून, म्हणजे पोर्टमधून, वर ज्वलनाच्या जागेत चढतं. आरएक्समध्ये आत येणाऱ्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह असतो, पातळ पाकळ्यांचा पडदाच म्हणा. आत येऊ देतो, मागे जाऊ देत नाही.

म्हणजे या इंजिनाची खालची पेटी हवाबंद असलीच पाहिजे. फोर-स्ट्रोकचं ऑइल सील गळलं तर फरशीवर डाग पडतो, बायको ओरडते, एवढंच. टू-स्ट्रोकचं क्रँकचं सील गळलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नसते, त्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल नसतं. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर त्या हवेबरोबर ऑइलही नसतं. मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, वंगण कमी पडतं. तिन्ही गोष्टी एकदम.

मिनिटाला ७५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२५. दर फेरीत पिस्टन ५० मिलिमीटर वर जातो आणि ५० खाली येतो. हिशेब केलात तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर येतो, ताशी ४५ किलोमीटर. आणि त्या एका सेकंदात तो अडीचशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. हे सगळं तेलाच्या एका पापुद्र्यावर चाललेलं असतं.

आता फुगण्याचं गणित बघा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतो. ५० मिलिमीटरच्या पिस्टनचं डोकं दोनशे अंशांनी तापलं तर ते साधारण ०.२ मिलिमीटरने वाढतं. स्लीव्ह सव्वाशे अंशांनी तापली तर ती जेमतेम ०.०७ ने मोठी होते. आणि थंड असताना पिस्टन आणि बोअर यांच्यात आपण किती फट ठेवतो? छोट्या इंजिनात तीन ते पाच शतांश मिलिमीटर. लेथवाले 'दीड थाउ' म्हणतात तेच हे. माणसाचा केस याहून जाड असतो. मग पिस्टन जगतो कसा? कारण तो नळकांड्यासारखा सरळ नसतोच. वर निमुळता आणि आडवा किंचित लंबगोल घडवलेला असतो, गरम झाल्यावर तो गोल व्हावा म्हणून. पिस्टनचं माप वर डोक्याजवळ न घेता खाली स्कर्टजवळ, पिनेच्या काटकोनात का घ्यायचं, याचं उत्तर यातच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिली पायरी पाना हातात घ्यायच्या आधीची. इंजिन उघडण्यापूर्वी त्याची हवा तपासा. याला महागडं साधन लागतं असं सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. घरात रक्तदाब मोजायचं जुनं, घड्याळासारखा काटा असलेलं यंत्र पडलेलं असतं. त्याचा रबरी फुगा आणि काटा एवढं पुरे. कार्बोरेटर काढा, त्याच्या जागी नळी घातलेलं रबरी बूच घट्ट बसवा. सायलेन्सर काढून तिथे रबर आणि पट्टी लावून तोंड बंद करा. ऑइल पंपाची नळी बंद करा. प्लग जागेवर राहू द्या. मग फुग्याने २५० ते ३०० पाऱ्यापर्यंत हवा भरा. तीनशे म्हणजे सुमारे ६ पौंड दाब. त्याच्या वर जाऊ नका, चांगलं सील उलटं व्हायचं. किक हळूच फिरवून एकदा पिस्टन खाली ठेवून बघा, एकदा वर ठेवून. निरोगी इंजिनाचा काटा जवळजवळ हलत नाही. मिनिटाला ५० पाऱ्याहून जास्त उतरला तर गळती आहे असं समजा. आणि गळती आहे म्हटलं की साबणाचं पाणी घेऊन बसायचं. ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, हेड, कार्बोरेटरचं रबर, दोन्ही केस जिथे मिळतात ती रेघ. बुडबुडे आले की चोर सापडला.

त्या तरुणाच्या इंजिनात यातलं काहीच गळत नव्हतं, तरी काटा झरझर खाली येत होता. डाव्या बाजूचं कव्हर आणि मॅग्नेट काढला, सीलवर साबण लावला आणि फेस आला. क्रँकचं डाव्या बाजूचं ऑइल सील. अख्ख्या इंजिनातला सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक. तिन्ही वेळा वरचं सगळं नवं झालं, खाली कुणी पाहिलंच नाही, कारण पकडलेला पिस्टन वर असतो.

एक फरक लक्षात ठेवा. डावं सील गेलं तर बाहेरची हवा येते आणि इंजिन पातळ मिश्रणावर चालतं. थ्रॉटल सोडलं तरी आवाज पटकन खाली येत नाही, लटकून राहतो. ही मोठी खूण आहे. उजवं सील गेलं तर पलीकडे गिअरबॉक्स असतो, त्यामुळे हवेऐवजी गिअर ऑइल आत ओढलं जातं. मग पांढरट धूर थांबत नाही, प्लग काळा ओला होतो, आणि गिअर ऑइलची पातळी दर वेळी कमी भरते. जाग्यावर डाग मात्र कुठेच नसतो, म्हणून माणूस चक्रावतो.

मग ब्लॉक उचला आणि पिस्टन नीट वाचा. हो, वाचा. पुसू नका, आधी वाचा. एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे ओरखडे आणि वितळलेल्या धातूचे पट्टे असतील तर पातळ मिश्रण किंवा वंगणाची कमतरता, कारण ती बाजू सगळ्यात गरम. चारही कोपऱ्यांवर सारख्या खुणा असतील तर गाडी थंड असताना चालू करून लगेच पिळली आहे. पिस्टन फुगला, स्लीव्हला वेळच मिळाला नाही. डोक्याला भोक किंवा काठ कुरतडल्यासारखा असेल तर टायमिंग, चुकीचा प्लग किंवा मिश्रण तपासा. आणि कार्बोरेटरच्या बाजूने स्कर्ट करडा, मंद, सॅंडपेपरने घासल्यासारखा दिसत असेल तर ती धूळ.

धुळीवर जरा थांबतो, कारण मातीवरच्या गाडीचा हा खरा आजार. वाळूतला क्वार्ट्झ मोहच्या कठीणतेच्या मापात ७ वर आहे. आपल्या घाटावरचा मुरूम बेसॉल्टचा, त्यात क्वार्ट्झ फारसा नसतो, पण त्यातली फेल्डस्पारसारखी खनिजंसुद्धा ६ च्या आसपास असतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम तीनलाही धड पोचत नाही. म्हणजे गाळून न आलेल्या हवेचा प्रत्येक घोट हा घासणीचा घोट. फोमचा फिल्टर धुतला, वाळवला आणि कोरडाच बसवला तर तो धूळ अडवत नाही. त्याला फिल्टरचं ऑइल चोळावं लागतं, तो चिकट असला तरच धूळ धरतो. आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबराला चीर असेल तर वर कितीही चांगला फिल्टर लावा. त्या रबराच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर तुमचं उत्तर मिळालं.

खोलण्याबद्दल फार बोलत नाही, त्याचे व्हिडिओ तुम्ही माझ्याआधी पाहिले असतील. दोनच सूचना. जपानी गाड्यांचे कव्हरचे स्क्रू साध्या स्टारच्या डिसमिसने उघडायला जाऊ नका, डोकी झिजतात. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट डिसमिस वापरा. मॅग्नेट काढायला मॅग्नेटचा पुलरच लावा, दोन डिसमिस घालून उचकटू नका. स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे उत्तम, प्रत्येक खळग्यात एका भागाचे. अंडी आधी काढून घ्या. (हशा)

यातलं घरी किती करायचं आणि कुठे हात जोडायचे? पिस्टन, रिंगा, सील, बेअरिंग, क्लचप्लेट, रीडच्या पाकळ्या हे सगळं घरी. बोअर आणि क्रँक मात्र मशीनशॉपमध्ये. कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा, त्या दिशेला जराही खेळ जाणवता कामा नये. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. वर-खाली टक् लागलं तर बिग एंड गेला. आरएक्सचा क्रँक तुकड्यांचा असतो, दाबून बसवलेला. तो प्रेसवर उघडायचा, नवी पिन आणि बेअरिंग घालून दाबायचा, मग दोन सेंटरच्या मध्ये धरून डायल गेज लावून सरळ करायचा. काटा दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त हलला तर तांब्याच्या हातोडीने ठोकून परत बघायचं. हे हातांचं कसब आहे. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात असे कारागीर अजून आहेत. त्यांना पैसे द्या, घासाघीस करू नका.

लेथवाल्याकडे जाताना पिस्टन बरोबर न्या. 'अर्ध्या मापाचा बोअर करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो' हे चालणार नाही. एकाच मापाच्या दोन पिस्टनांतसुद्धा एक-दोन शतांशाचा फरक निघतो, आणि आपली सगळी फटच तीन-चार शतांशांची आहे. पिस्टन मायक्रोमीटरने मोजून घ्यायचा आणि बोअर त्याच्या मापाने करून घ्यायचा. कंपनीच्या पुस्तकात फट किती लिहिली आहे ते कागदावर लिहून द्या. परत आल्यावर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. गेज नसेल तर त्याच दुकानात, तुमच्यासमोर मोजायला लावा. चांगला कारागीर रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडचं माप मी दोनदा घेतो.

आणखी एक गोष्ट, जी फोर-स्ट्रोकवर हात बसलेले लेथवाले हमखास विसरतात. टू-स्ट्रोकच्या बोअरमध्ये खिडक्या असतात. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. रिंग दर फेरीत त्यांच्यावरून जाते. कड मारलेली नसेल तर रिंग तिथे अडकते, तुटते, आणि तिचा तुकडा पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये नाचतो. बोट फिरवून बघा, जपून. कड बोटाला लागली तर बारीक कानशीने किंवा दगडाने ती मोडून घ्यायची.

मग धुणं. होनिंगनंतर बोअरच्या रेघांमध्ये दगडाची भुकटी बसलेली असते. पेट्रोलने किंवा रॉकेलने ती पूर्ण निघत नाही, तेल निघतं आणि भुकटी राहते. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, ब्रश, तीन-चार वेळा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. आणि लगेच पुसून तेलाचा हात, कारण उघडं बीड बघता बघता गंजतं. साधं काम आहे, पण नव्या इंजिनाचं निम्मं आयुष्य इथे ठरतं असं मी मानतो.

बांधताना रिंग आधी एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजा. ५० मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.२ मिलिमीटर. फट नसेल तर तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतील. टू-स्ट्रोकच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनेवरच बसलं पाहिजे. ती पिन नसती तर रिंग फिरून तिचं टोक खिडकीत अडकलं असतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनेच्या लॉका नव्याच, जुन्या परत वापरू नका, आणि लॉक घालताना क्रँककेसच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा. लॉक उडून आत पडली तर सगळं पुन्हा खोला.

केसमध्ये बेअरिंग बसवताना ठोकाठोक नको. केस शंभर अंशांपर्यंत तापवली की ॲल्युमिनियम फुगतं, बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवली की आकसते, आणि ती जवळजवळ आपोआप आत पडते. त्यासाठी घरचा ओव्हन वापरणार असाल तर केस साबणाने पूर्ण धुऊन वाळवा. रॉकेलचा किंवा पेट्रोलचा थेंब राहिला तर स्फोट होईल. आणि तो ओव्हन नंतर केकसाठी वापरणार असाल तर ते घरी आधी सांगा, नंतर कळलेलं बरं नसतं.

सगळं बांधून झालं की कार्बोरेटर लावायच्या आधी पुन्हा ती रक्तदाबाची चाचणी. ही दुसरी चाचणी सगळे टाळतात. इंजिन नवं आहे, कशाला? पण नवं सील बसवताना क्रँकच्या धारेवर त्याचा ओठ दुमडतो, ते बाहेरून दिसत नाही. काटा स्थिर राहिला तरच पेट्रोल घाला.

पहिल्यांदा चालू केल्यावर तासभर जागेवर भुंकत ठेवू नका. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, हाताला थंड लागेपर्यंत थांबा. असं तीन वेळा. त्यानंतर हेडचे नट थंड असताना टॉर्क पान्याने आडवे-तिडवे पुन्हा तपासा. मग मैदानात, थ्रॉटल कमी-जास्त करत, पूर्ण न पिळता. एकाच वेगावर लांब पळवू नका. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर लिटरला ३० मिलि, मापाच्या नळीने मोजून. 'नवं इंजिन आहे, थोडं जास्त घालू' असा हात सैल सोडू नका. जितकं ऑइल वाढेल तितकं त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने काही फरक पडतो का?

पडतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. इंजेक्शनची आधुनिक गाडी ते स्वतः जुळवून घेते. आरएक्सच्या कार्बोरेटरला डोकं नाही, त्याला जेवढं भोक तेवढं पेट्रोल. म्हणजे काहीही न बिघडता मिश्रण थोडं पातळ झालेलं असतं. मेन जेट एक-दोन माप मोठा घालून प्लगचा रंग बघावा लागतो. विटकरी-तपकिरी हवा, पांढरट नको. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

प्रश्न : माझ्या मित्राकडे परदेशी १२५ मोटोक्रॉसची गाडी आहे. तिला हेच सगळं लागू?

हवेची चाचणी, पिस्टन वाचणं, धूळ, हे सगळं तसंच. ब्लॉक वेगळा. यामाहाच्या वायझेड १२५ सारख्या गाड्यांत बिडाची स्लीव्ह नसते. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. तो फार कठीण आहे, त्यामुळे टिकतो, पण त्याला नेहमीसारखा जादा मापाचा बोअर करता येत नाही. लेप शाबूत असेल आणि वर नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ते जपून आम्लाने काढता येतं. लेपच उखडला असेल तर पुन्हा लेप चढवून घ्यावा लागतो. लेथवाल्याच्या हाती तो ब्लॉक चुकूनही देऊ नका.

प्रश्न : सायलेन्सर बदलून ताकद वाढते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा फुगीर पोटाचा आकार शोभेसाठी नसतो. त्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी शर्यतींसाठी विकसित केलं. १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी देश सोडून निसटला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीवर ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. म्हणजे आज तुमच्या गाडीला जी नळी लागते तिच्यामागे असा पळून जाण्याचा इतिहास आहे. पण नळी बदलली की इंजिनाचा श्वास बदलतो, जेट बदलावे लागतात. नळी नवी आणि जेट जुने हीसुद्धा पिस्टन पकडायची एक खात्रीची रीत.

प्रश्न : इंजिन किती दिवसांनी उघडून बघावं?

दिवस मोजू नका, किलोमीटरही नाही. मातीवर तास मोजतात. एक छोटी वही करा. आज किती वेळ चालवली, धूळ होती की चिखल, फिल्टर कधी धुतला, प्लगचा रंग काय, पाऱ्याचा काटा किती उतरला. किक मारताना दाब कमी जाणवायला लागला किंवा काटा आधीपेक्षा भराभर उतरायला लागला की त्या आठवड्यात ब्लॉक उचला, पकडायची वाट बघू नका. त्या तरुणाने आता अशी वही ठेवली आहे. त्याचा ब्लॉक अजून ५०.७५ वरच आहे.